पॉवरलिफ्टिंगसाठी किलोच्या प्लेटा: बिडाच्या घ्यायच्या की रबरच्या?

काळाचौकीकर:
नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाच्या व्यायामशाळेत आम्ही पाच-सहा जण पॉवरलिफ्टिंग करतो. कमिटीने आता तळमजल्यावरची एक खोली खास स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्टसाठी दिलीय आणि 20 किलोचा 50 एमएमचा रॉड पण आलाय. आता प्रश्न प्लेटांचा. जुन्या आहेत त्या बारीक भोकाच्या, त्यात निम्म्यांवर पाउंड लिहिलेलं, त्यामुळे नक्की किती उचलतोय तेच कळत नाही, म्हणून यावेळी सगळ्या किलोच्याच घ्यायच्या असं ठरलंय.
धोबीतलावला दुकानं फिरून आलो. एक बोलला रबर घ्या आवाज होत नाही, दुसरा बोलला साध्या बिडाच्या घ्या नातवंडं वापरतील. कॅलिब्रेटेड (ग्रॅमवर वजन जुळवलेल्या) पण बघितल्या, त्यांचा किलोचा भाव साध्याच्या कितीतरी पट आहे. पैसे वर्गणीतले आहेत त्यामुळे उगाच कुठे जायला नकोत. आमच्यातला सगळ्यात जड डेडलिफ्ट सध्या 180, एक मुलगा पुढच्या वर्षी राज्य स्पर्धेची तयारी करतोय. काय घेऊ आणि किती किती घेऊ?

ठाण्याची_लिफ्टर:
दादा आधी एक काम करा, दुकानात जाताना डिजिटल वजनकाटा आणि व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) सोबत न्या, रबर की बीड ते नंतर बघू. प्लेटेवर 20 लिहिलंय म्हणजे ती 20 ची आहे असं धरून चालू नका. स्वस्त बिडाच्या प्लेटेत दोन-तीन टक्के इकडेतिकडे सर्रास असतं, म्हणजे 20 ची प्लेट 19.4 पण निघेल आणि 20.6 पण. एका प्लेटेत काही वाटत नाही पण 180 च्या डेडलिफ्टमध्ये रॉड सोडला तर 160 किलो प्लेटाच असतात, त्या सगळ्या तीन टक्के हलक्या निघाल्या तर जवळजवळ पाच किलो कमी उचलताय आणि वहीत मात्र 180 लिहिताय. मग तुमचा तो मुलगा स्पर्धेला जाणार, तिथे आयपीएफचा (आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाचा) नियम 0.25 टक्के किंवा 10 ग्रॅम, म्हणजे 20 च्या प्लेटेला जेमतेम 50 ग्रॅमची सूट. तिथलं 180 हे खरंखुरं 180 असतं आणि पोरगा म्हणणार आज काय झालं कळत नाही.
आणि त्याहून वाईट म्हणजे डावं उजवं. एका बाजूला तीन जड प्लेटा दुसऱ्या बाजूला तीन हलक्या लागल्या तर स्क्वॉटमध्ये रॉड एका अंगाला ओढतो, आपण बसतो आपलाच खांदा नाहीतर कंबर तपासत. म्हणून दहा-बारा प्लेटा काट्यावर ठेवा आणि त्यातून जवळच्या वजनाच्या जोड्या लावा. प्रत्येकीच्या मागे खरं वजन पेंटने लिहून टाका, जोडी कायम तीच लावायची. दुकानदाराला आधीच सांगा की वजन करूनच घेणार आणि बिल खऱ्या वजनावर होणार. जो नाही म्हणतो त्याच्याकडून घेऊच नका, दुकानांना काही तोटा नाही.
व्हर्नियर भोकासाठी. 52-53 एमएमपर्यंत ठीक, त्यावर गेलं की प्लेट रॉडवर खेळते, तिरकी लटकते, प्रत्येक रेपला खणखणाट.

भांडुप_लेथवाला:
ताईंनी वजनाचं सांगितलं ते बरोबर. असं का होतं ते सांगतो, माझं रोजचं काम आहे.
बिडाची प्लेट वाळूच्या साच्यात ओततात. वाळू कमी ठोकली गेली तर ओतताना साचा फुगतो आणि प्लेट जाड येते. पॅटर्न (ज्यावरून साचा पाडतात तो नमुना) एकच, तरी प्रत्येक प्लेट वेगळी. ती नंतर लेथवर लावली, तोंड आणि भोक मारून घेतलं, तरच वजन मापात येतं. बऱ्याच जणांना हे काम वाचवायचं असतं म्हणून साच्यातून काढली की थेट रंग. ओळखायचं कसं तर भोकात बोट फिरवा. लेथवर मारलेल्या भोकात बारीक सारख्या रेघा लागतात, कच्चं असेल तर खरखरीत आणि किंचित निमुळतं लागतं. रंग खूप जाड वाटला तर खाली लांबी (पुट्टी) भरून खड्डे बुजवलेत का ते नखाने बघा. प्लेट दोरीला टांगून हातोडीने हलकेच मारा, चांगलं बीड वाजतं, तडा असेल तर आवाज बसका येतो.
मशीन केलेली प्लेट किलोमागे थोडी महाग पडते. माझ्या मते पैसे तिथेच घाला.
दोन-तीन व्यायामशाळा मिळून घेणार असाल तर कोल्हापूरकडच्या फाउंड्रीत ओतून घेण्याचा पण विचार करा, शिरोली-गोकुळ शिरगावला हेच काम चालतं. पण पॅटर्नचा खर्च आधी करावा लागतो, एका सेटसाठी परवडणार नाही.

मुलुंड_डेडलिफ्ट:
रबरबद्दल मी बोलतो कारण लोक दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकतात. एक म्हणजे बिडाच्या प्लेटेवर रबरचं कव्हर आणि दुसरी पूर्ण रबरची बंपर. बंपर वेटलिफ्टिंगवाल्यांसाठी, त्यांना डोक्यावरून रॉड सोडायचा असतो. आपल्याकडे डेडलिफ्ट पण हातात धरूनच खाली आणायचा असतो, मग त्यासाठी जास्त पैसे कशाला. आणि बंपर जाड किती, 20 ची एक प्लेट सात-आठ सेंटीमीटर, रॉडची स्लीव्ह (प्लेटा चढतात ते टोक) साधारण 40-42 सेंटीमीटर, पाच लावल्या की लॉक (प्लेटा अडवायची कडी) लावायला जागा उरते न उरते. तीच 20 बिडात बरीच पातळ.
सिमेंट भरलेल्या प्लास्टिकच्या प्लेटा तर अजिबात नको, त्या त्याहून जाड आणि कोपरा फुटला की भुकटी सांडते.
अजून एक जे दुकानदार कधीच सांगत नाही, प्लेटेचा व्यास. स्पर्धेत मोठी प्लेट 45 सेंटीमीटरची, म्हणजे रॉडचा मध्य जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर. साध्या बिडाची 20 ची प्लेट बरेचदा 38-40 चीच असते. 38 ची असेल तर रॉड साडेतीन सेंटीमीटर खाली आला, तुम्ही रोज डेफिसिट डेडलिफ्ट (नेहमीपेक्षा खालून उचलायचा प्रकार) करताय आणि वर्षभर समजताय की डेडलिफ्ट वाढत नाही. 45 ची मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर दोन्ही बाजूंना सारख्या जाडीचे रबर मॅट नाहीतर प्लायचे तुकडे ठेवा, मोजून, अंदाजाने नको.

काळाचौकीकर:
हे व्यासाचं खरंच कोणी सांगितलं नव्हतं, टेप घेऊन जातो. मग रबर कव्हर पण नकोच का? आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीला ओल येते, गंजाची भीती वाटते. आणि नग किती घेऊ ते सांगा ना कोणीतरी.

भांडुप_लेथवाला:
कव्हरने गंज थांबत नाही, लपतो. भोकाच्या बाजूने ओल आत गेली की आतल्या आत फुगतो आणि रबर सुटतं. आपल्या हवेत तर नक्कीच. घ्यायचीच असेल तर भोकात स्टीलची रिंग बसवलेली घ्या. उघड्या बिडाला गंज आला तर दिसतो तरी. तारेचा ब्रश मारा, रेड ऑक्साइड, वर ऑइल पेंट, झालं. भोकात मशीनच्या तेलाचं फडकं फिरवायचं, जून लागायच्या आधी एकदा आणि मध्ये मध्ये. ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका, लाकडी फळीवर उभ्या ठेवा.

ठाण्याची_लिफ्टर:
नग असे घ्या. 20 चे तीन जोड, 10 चा एक, 5 चे दोन, 2.5 चा एक, 1.25 चा एक. एका बाजूला 83.75 होतात, रॉड धरून 187.5, आणि 22.5 पासून तिथपर्यंत अडीच-अडीचच्या सगळ्या पायऱ्या लागतात. मुलगा 187.5 च्या पुढे गेला की 20 चा अजून एक जोड, पण दुकानदाराला आत्ताच विचारून ठेवा की तोच माल पुढे मिळेल का, वेगळ्या व्यासाची प्लेट नंतर येऊन काही उपयोग नाही. 25 ची सध्या घाई नको.
आणि कृपा करून अर्ध्या किलोचा एक जोड घ्याच. पुरुष मंडळी हे विसरतात. मी 52 किलो गटात आहे, माझ्या बेंचला 45 वरून 47.5 म्हणजे साडेपाच टक्क्यांची उडी होते, ती प्रत्येक आठवड्याला कशी मारणार. अर्ध्याच्या जोडीने किलो-दीड किलोने वाढवता येतं. तुमच्या व्यायामशाळेत उद्या मुली आल्या, आणि त्या याव्यात, तर हा जोड सगळ्यात जास्त वापरला जाईल.

विक्रोळी_दुसरामजला:
मध्येच विचारतो, असाच सेट घरी दुसऱ्या मजल्यावर ठेवला तर चालेल का?

परळचा_जुना_लिफ्टर:
विक्रोळीकर, राहत्या घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला 200 किलो धरून डिझाइन केलेला असतो. सगळ्या प्लेटा एका कोपऱ्यात रचून ठेवू नका, आणि डेडलिफ्ट आपटणं तर नाहीच. जुन्या चाळीत लाकडी पाटण असेल तर घरी करूच नका, जवळची व्यायामशाळा शोधा.
काळाचौकीकर, आता कॅलिब्रेटेडबद्दल. इथे बहुतेक जण नको म्हणतील आणि पूर्ण सेटसाठी ते मलाही पटतं. त्या पातळ असतात, मागे बुच असतो, त्यातून वजन ग्रॅमवर जुळवलेलं असतं, पैसे त्याचेच. पातळपणाची खरी गरज 250-300 उचलणाऱ्याला. पण चुकीचं वजन सगळ्यात जास्त लपतं मोठ्या प्लेटेत. सव्वा किलोच्या प्लेटेत तीन टक्के म्हणजे चाळीस ग्रॅमही नाही, 20 च्या प्लेटेत 600 ग्रॅम. म्हणून 20 चे सहा नग लेथवर मारलेले, वजन करून निवडलेले घ्या, छोट्या प्लेटा साध्या चालतील. त्या मुलाला स्पर्धेच्या आधी काही आठवडे जिथे कॅलिब्रेटेड आहेत तिथे नेऊन जड सेट मारू द्या. तिथे लॉक प्रत्येकी अडीच किलोचे असतात आणि वजनात धरतात, म्हणजे रिकामा रॉड लॉकसकट 25, हे त्याला आत्तापासून हिशोबात बसू द्या.
रंगाचे पैसे देऊ नका. 25 लाल, 20 निळी, 15 पिवळी, 10 आणि खालच्यांना कुठलाही रंग चालतो. निळ्या रंगाचा छोटा डबा आणा, पोरंच रंगवतील.

काळाचौकीकर:
मंडळी खूप उपयोगी माहिती. अजून एक, वसईला एक बंद पडलेली जिम आहे, त्यांच्याकडे मशीन केलेल्या 45 पाउंडच्या आठ प्लेटा आहेत, 50 एमएमच्या, भाव नव्यापेक्षा बराच कमी सांगतायत. किलोच्याच घ्यायच्या असं ठरलं होतं पण मोह होतोय.

मुलुंड_डेडलिफ्ट:
45 पाउंड म्हणजे 20.41 किलो. सहा लावल्या तर 120 ऐवजी साधारण 122.5, म्हणजे रॉडवर 140 समजाल तिथे 142.5 असणार. हे कायम लक्षात ठेवणार असाल तर ठीक, पण व्यायामशाळेत दहा जण हिशोब करतात, कोणीतरी किलोच्या 20 सोबत एकाच बाजूला लावणारच. घेतल्यात तर किलोच्या 20 विकतच घेऊ नका, मोठ्या सगळ्या ह्याच ठेवा आणि प्रत्येकीवर ठळक 20.4 रंगवा. स्पर्धेच्या मुलाला मात्र त्रास होईल, त्याचे आकडे कधीच गोल येणार नाहीत.

परळचा_जुना_लिफ्टर:
माझं मत, किलोच्याच घ्या. आणि भावाची तुलना करताना वसईहून टेम्पो, चढवायची-उतरवायची हमाली, रंगकाम सगळं मिळवून किलोला किती पडतं ते काढा. मेरठ-जालंधरहून ऑनलाइन मागवणार असाल तरी हाच हिशोब, तिथे किलोचा भाव कमी दिसतो आणि दीड-पावणेदोनशे किलोचं भाडं नंतर लागतं, शिवाय खराब निघाली तर परत पाठवायचा खर्च कोणाचा ते आधी लेखी घ्या. धोबीतलावच्या त्या दुसऱ्या दुकानदाराला सांगा सहा नग 45 सेंटीमीटरच्या, मशीन केलेल्या, काट्यावर जुळवून हव्यात, तो देतो म्हणाला तर थोडं ॲडव्हान्स द्या आणि वजन करायला दोघं जण जा, एक उचलायला आणि एक लिहायला.