हिप्पोकॅम्पसचं आकारमान: जुन्या एमआरआयवरून मोजता येईल का?

अबोली_एमडी
प्रबंधासाठी स्किझोफ्रेनियाचे रुग्ण आणि निरोगी व्यक्ती यांच्या हिप्पोकॅम्पसची (मेंदूतला स्मरणशक्तीशी निगडित भाग) तुलना करायची आहे. विभागात जुने एमआरआय आहेत, पण चकत्या ५ मिमीच्या. त्यावर फ्रीसर्फर (एमआरआयवरून मेंदूच्या भागांचं आकारमान मोजणारं सॉफ्टवेअर) चालेल का? आणि फरक साधारण केवढा असतो?

टेस्ला१.५
नको. ते स्कॅन गाठ, रक्तस्राव वगैरे नाही ना, एवढंच बघायला काढलेले. हिप्पोकॅम्पस उंचीला जेमतेम सेंटिमीटरभर, म्हणजे आडव्या ५ मिमी चकत्यांत दोन-तीनदाच सापडणार. एकाच वॉक्सेलमध्ये (प्रतिमेचा सर्वांत लहान घन ठोकळा) करडं द्रव्य, म्हणजे चेतापेशींचा भाग, आणि शेजारचा द्रव दोन्ही येतात, मग कड कुठे धरायची? १ मिमी घन वॉक्सेलचा त्रिमितीय टी१ (मेंदूची रचना स्पष्ट दाखवणारा एमआरआयचा प्रकार) घ्या. सिंथसेग हे दुसरं सॉफ्टवेअर जाड चकत्यांवरही आकडे देतं, पण इतक्या लहान फरकासाठी मी त्यावर विसंबणार नाही.

करडंद्रव्य
फरक लहानच आहे. अनेक केंद्रांचे स्कॅन एकत्र करणाऱ्या एनिग्मा गटाच्या २०१६ च्या अभ्यासात २०२८ रुग्ण आणि २५४० निरोगी व्यक्ती होत्या. खोलवरच्या भागांत सर्वांत मोठी घट हिप्पोकॅम्पसमध्येच, तरी ती ०.४६ प्रमाण विचलन (व्यक्तीव्यक्तींमधल्या नेहमीच्या फरकाचं माप). म्हणजे दोन गटांचे आलेख ८० टक्क्यांहून जास्त एकमेकांवर पडतात. एवढा फरक ८० टक्के पॉवरने (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) पकडायला प्रत्येक गटात साधारण ७५ जण लागतील. वीस-वीसमध्ये हाती येईल तो बहुधा योगायोग.

टेस्ला१.५
त्याहून मोठा घोळ हालचालीचा. डोकं किंचित हललं तरी करडं द्रव्य कमी मोजलं जातं, आणि रुग्ण जास्त हलतात. चूक नेमकी तुम्हाला हव्या त्या दिशेनेच होते! डोक्याभोवती फोम नीट भरा. प्रतिमेचा दर्जा ठरवणाऱ्याला गट माहीत नसावा. दोन्ही गट एकाच यंत्रावर, एकाच सिक्वेन्सने (स्कॅनची मांडणी), आलटूनपालटून घ्या. आधी सगळे रुग्ण आणि मग सगळे निरोगी असं करू नका, मध्ये सॉफ्टवेअर बदललं की संपलं. कवटीच्या आतल्या एकूण आकारमानाची दुरुस्ती हवीच, नाहीतर डोक्याच्या आकारातला फरकच मोजला जाईल.

करडंद्रव्य
औषधंही नोंदवा: क्लोरप्रोमाझिन-समतुल्य मात्रा (वेगवेगळ्या औषधांचे डोस क्लोरप्रोमाझिन या एका औषधाच्या मापात) आणि किती महिने. २००५ च्या एका प्रयोगात मॅकाक माकडांना १७ ते २७ महिने हॅलोपेरिडॉल किंवा ओलान्झापिन ही स्किझोफ्रेनियावरची औषधं दिल्यावर मेंदूचं वजन ८ ते ११ टक्क्यांनी कमी भरलं. माकडांना आजार नव्हता, म्हणजे ही घट औषधांमुळेही होऊ शकते.

अबोली_एमडी
एकट्या रुग्णाचा हिप्पोकॅम्पस लहान आला तर रिपोर्टमध्ये 'स्किझोफ्रेनियाशी सुसंगत' असं लिहावं का?

टेस्ला१.५
अजिबात नाही. निदान मुलाखतीवर आणि लक्षणांच्या कालावधीवर ठरतं.