मदत हवी आहे : ओलिंपिया ल्युब्लियानाची लीग विजेतेपदं चार धरायची की आठ?

नमस्कार मंडळी,

युगोस्लाव्हिया फुटल्यावर तिथल्या फुटबॉल क्लबांचं पुढे काय झालं, यावर एक लेखमाला लिहितोय. स्लोव्हेनियाच्या भागात मारिबोर या क्लबचं सगळं सरळ लागलं, पण राजधानीच्या क्लबपाशी, म्हणजे ओलिंपिया ल्युब्लियानापाशी, गाडी अडली आहे.

स्लोव्हेनिया १९९१ मध्ये स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी देशाची स्वतःची लीग सुरू झाली. पहिली चार विजेतेपदं, १९९२ ते १९९५, सलग ओलिंपियाची. त्यानंतर २०१६, २०१८, २०२३ आणि २०२५ ची विजेतेपदंही ओलिंपियाचीच. बेरीज आठ. पण स्लोव्हेनियाचा फुटबॉल महासंघ या दोन चौकड्या दोन वेगळ्या क्लबांच्या नावावर मांडतो. कारण जुना ओलिंपिया कर्जात बुडून २००५ च्या सुमारास बंद पडला. आजचा क्लब २००५ मध्ये बेझिग्राद या नावाने नव्याने नोंदवला गेला, थेट पाचव्या श्रेणीतून खेळू लागला आणि दर वर्षी एक पायरी चढत २००९ मध्ये वरच्या लीगमध्ये आला. दरम्यान २००८ मध्ये त्याने ओलिंपिया ल्युब्लियाना हे नाव घेतलं होतं.

कागदावर प्रश्न इथेच मिटतो. मला मात्र तो मिटलेला वाटत नाही. जुना ओलिंपिया हा नुसता चार विजेतेपदांचा क्लब नव्हता. प्रशिक्षक ब्रांको एल्सनर यांच्या हाताखाली तो १९६५ मध्ये युगोस्लाव्ह पहिल्या लीगमध्ये चढला. १९७० मध्ये युगोस्लाव्ह चषकाच्या अंतिम फेरीत रेड स्टार बेलग्रेडकडून हरला, तरी त्या जोरावर कप विनर्स कप या युरोपीय स्पर्धेत गेला आणि पोर्तुगालच्या बेन्फिकाला ल्युब्लियानात १-१ असं रोखलं (लिस्बनमध्ये मात्र ८-१ असा मार खाल्ला). ब्राने ओब्लाक आणि स्रेच्को कातानेत्स हे खेळाडू इथूनच पुढे गेले. बेलग्रेड, झाग्रेब आणि स्प्लिटच्या बड्या क्लबांसमोर वीस लाखांच्या आसपास वस्तीच्या स्लोव्हेनियाचं नाव लावणारा बराच काळ हाच संघ होता. हिरवा-पांढरा रंग तोच, शहराच्या चिन्हातला ड्रॅगन तोच, १९८८ मध्ये उभा राहिलेला ग्रीन ड्रॅगन्स हा समर्थकांचा गटही तोच. २०१६ ला ओलिंपिया जिंकला तेव्हा त्या गॅलरीत एकवीस वर्षांनी लीग घरी आली होती. महासंघाच्या लेखी ते त्या क्लबचं पहिलंच विजेतेपद! माझा कल समर्थकांकडे आहे, हे उघडच सांगतो.

आता नेमकी मदत :

तक्त्यात आठ लिहून खाली टीप द्यावी, की चार-चारचे दोन तक्ते करावेत? मारिबोरशी होणाऱ्या 'सनातन डर्बी'चा हिशेब कुठून धरायचा? आणि क्लबचा इतिहास १९११ च्या इलिरियापासून सुरू करणं कितपत योग्य? इलिरिया आणि प्रिमोर्ये मिळून १९३६ मध्ये एसके ल्युब्लियाना झाला आणि युद्धानंतरच्या ओद्रेद या क्लबमधून पुढे ओलिंपिया आला, अशी साखळी सांगतात. पण ल्युब्लियानात इलिरिया १९११ नावाचा क्लब आजही खेळतो आहे.

प्रतिसाद १

लेख छान होणार. पण मी तुमच्याशी सहमत नाही. जुना क्लब बुडाला म्हणजे कुणाचे तरी पैसे बुडाले : खेळाडूंचे पगार, पुरवठादारांची बिलं. नव्या संस्थेने ती देणी घेतली नसतील तर तिने चषकही घेऊ नयेत. देणी सोडायची आणि मालमत्ता तेवढी ठेवायची, हे बाकीच्या क्लबांवर अन्याय करणारं आहे. मारिबोरची सोळा विजेतेपदं एकाच संस्थेने मिळवलेली आहेत. दोन तक्ते करा.

प्रतिसाद २

वरच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण सगळीकडे असं होत नाही. इटलीतला फिओरेंतिना हा क्लब २००२ मध्ये बुडाला. फ्लोरेन्शिया व्हियोला या नावाने चौथ्या श्रेणीतून सुरुवात झाली, २००३ मध्ये नव्या मालकांनी जुनं नाव परत विकत घेतलं, आणि आज १९५६ व १९६९ ची विजेतेपदं फिओरेंतिनाचीच मानली जातात. त्यामुळे नैतिक वाद बाजूला ठेवून त्या-त्या देशाचा महासंघ काय मानतो तेच तक्त्यात लिहावं. समर्थक काय मानतात ते लेखाच्या मजकुरात सविस्तर यावं, तिथे हात आखडता घेऊ नका. डर्बीसाठीही तेच, दोन हिशेब द्या. १९११ बद्दल : इलिरिया हा शहराच्या फुटबॉलचा आरंभ म्हणून सांगा, ओलिंपियाचं स्थापनावर्ष म्हणून नको. त्या भूतकाळावर हक्क सांगणारं दुसरं घर जिवंत आहे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. देण्यांचा मुद्दा मी या बाजूने पाहिलाच नव्हता, तो लेखात घालतो. तक्ते दोन करतो : २००५ पर्यंतचा आणि २००५ नंतरचा. इलिरियाला वेगळी चौकट.

खेळाडूंच्या यादीतही तीच विभागणी केली. कातानेत्स जुन्यात. गोलरक्षक यान ओब्लाक नव्यात, कारण बेन्फिकाला जाण्याआधी तो २००९-१० मध्ये सोळा वर्षांचा असताना नव्या क्लबच्या गोलमध्ये उभा राहिला. मैदानंही तशीच : वास्तुरचनाकार प्लेचनिकचं बेझिग्राद मैदान जुन्याबरोबर, २०१० मध्ये उघडलेलं स्तोझित्से नव्याबरोबर. २०१८ च्या हंगामावर मात्र स्वतंत्र परिच्छेद लिहिणार आहे. ओलिंपिया आणि मारिबोरचे गुण अखेरीस सारखे झाले आणि आपसातल्या सामन्यांवर विजेतेपद ओलिंपियाकडे गेलं. तो हंगाम कुणी पाहिला असेल, विशेषतः त्या दोघांमधले सामने, तर कृपया इथे लिहा.