आधी बिटरेट बघा, मग ग्राफिक्स कार्ड

पीसीला जोडलेल्या क्वेस्ट ३ या व्हीआर हेडसेटमध्ये रिझोल्यूशन १५० टक्के करूनही लांबची अक्षरं पुसट दिसतात, अशी एकाची तक्रार आहे आणि ती खरी आहे. पण त्यावर नवं ग्राफिक्स कार्ड घ्या हा त्याला मिळालेला सल्ला मला अजिबात पटत नाही. पीसीवरून हेडसेटकडे जाणारं चित्र व्हिडिओसारखं कॉम्प्रेस होऊन जातं. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला पाठवला जाणारा डेटा, तोकडा असेल तर वाढवलेलं रिझोल्यूशन वाटेतच वाया जातं. केबल वापरत असाल तर ऑक्युलस डिबग टूल या पीसीवरच्या सेटिंग प्रोग्रॅममध्ये एन्कोड बिटरेट ३०० एमबीपीएस करून बघा, चित्र अडखळलं तर खाली आणा. गवत, झाडांची पानं यांत फरक लगेच कळतो.

आणि हो, सोलापुरात एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीपार असतो, तेव्हा लॅपटॉप तापून मंदावतो आणि रात्री सुरळीत चाललेलं सेटिंग झटके देतं. ज्या वेळी खेळता त्याच वेळी आकडे ठरवा.