मदत हवी आहे: नगरपंचायतीने पुळणीवर भिंत घालायचा ठराव केलाय, दाद कुठे मागायची?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव कोकण किनाऱ्यावरचं, लहानसं. पूर्वी ग्रामपंचायत होती, काही वर्षांपूर्वी नगरपंचायत झाली. गेल्या महिन्यात सर्वसाधारण सभेत ठराव झाला की पुळणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूच्या, वरच्या अंगाला काँक्रीटची भिंत घालायची, तिच्यावरून फिरायचा रस्ता आणि मागे गाड्या लावायला जागा. विषयपत्रिकेत हा विषयच नव्हता. ऐनवेळच्या विषयांत आला आणि चर्चा न होता मंजूर झाला. आम्हाला कळलं ते मोजणीवाले चुन्याच्या रेघा मारायला आले तेव्हा.

त्या पट्ट्यात काय आहे ते सांगते. 1 जून ते 31 जुलै इंजिनाच्या होड्यांना मासेमारी बंद असते, तेव्हा त्या सगळ्या तिथेच वर ओढून शाकारलेल्या असतात. पाऊस गेला की बायका तिथे मासळी वाळत घालतात. माझी आई सत्तरी ओलांडलेली, अजून सकाळी मासळी वाळवायची वलांडी भरायला जाते. वरच्या वाळूवर मर्यादवेल पसरली आहे. उधाण आलं की शेजारची मोकळी वाळू हातभर खचते, वेलीखालची जागची हलत नाही. चुन्याची रेघ नेमकी त्या वेलीवरून गेली आहे.

खाडीच्या तोंडाशी जुनी भिंत आहे, तिचं काय झालं ते सारं गाव रोज बघतं. पावसाळ्यात समुद्र वाळू ओढून नेतो आणि नंतर हळूहळू आणून टाकतो. भिंतीवर आपटलेली लाट मात्र मागे फिरताना पायथा उकरते, त्यामुळे तिथली वाळू परत येऊन टिकत नाही. खाली उतरायच्या पायऱ्यांतली शेवटची पायरी आता कमरेएवढ्या उंचीवर लटकते. भिंत संपते तिथली सुरूची झाडं मुळं उघडी पडून आडवी झाली.

ग्रामसभा असती तर उभं राहून विचारलं असतं. नगरपंचायत झाल्यावर ती गेली, आणि घटनेनं प्रभाग समित्या बंधनकारक केल्या त्या 3 लाख किंवा जास्त लोकवस्तीच्या ठिकाणी. आमच्या 17 नगरसेवकांपैकी दोघं भेटल्यावर म्हणतात, "घाई झाली खरी." लेखी द्यायला कुणी तयार नाही. ठरावाची नक्कल मागायला गेले तर आवक खिडकीवर "साहेब दौऱ्यावर आहेत" म्हणून अर्जच घेतला नाही. तोच अर्ज मग स्पीड पोस्टाने पाठवला.

ठराव अमलात येण्याआधी थांबवायचा अधिकार कुणाला आहे? आणि सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्रात बांधकामाला लागणारी, परवानगी घेतली आहे की नाही, हे आम्ही कुठे बघायचं? कार्यादेश निघाला की काम उरकून टाकतील अशी भीती वाटते. कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:

ताई, पहिला अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करा. नगरपरिषदा, नगरपंचायती यांच्या 1965 च्या अधिनियमात कलम 308 आहे. ठराव बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध वाटला तर त्याची अंमलबजावणी ते स्थगित करू शकतात. अर्जात भावनेपेक्षा दोन गोष्टी ठळक लिहा: विषय ऐनवेळी घेतला, आणि जागा सीआरझेडमध्ये येते. समुद्राच्या भरतीरेषेपासून जमिनीकडे 500 मीटरपर्यंतचा पट्टा सीआरझेडमध्ये धरतात. तिथल्या बांधकामाचा प्रस्ताव महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जावा लागतो. तो गेला होता का, हे माहितीच्या अधिकारात नगरपंचायत आणि प्राधिकरण, दोघांनाही विचारा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर प्रथम अपील टाका. नुसत्या नकला मागू नका, फाईलची पाहणी मागा; आमच्याकडे खरी टिपणी पाहणीतच सापडली.

आणखी एक. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली किनाऱ्यासाठी जिल्हास्तरीय समिती असते. तिच्यात मच्छीमारांसह स्थानिक किनारी समाजाचे किमान 3 प्रतिनिधी असायला हवेत. तुमच्या जिल्ह्यात ते कोण आहेत ते शोधून काढा. पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. लवादाच्या कायद्यातल्या कलम 14 खाली अर्जाला वादाचं कारण घडल्यापासून 6 महिन्यांची मुदत असते, म्हणून मोजणी कधी झाली ती तारीख आजच लिहून ठेवा.

मूळ धागाकर्ती:

दादा, खूप आभार. 308 चं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं, नगरसेवकांनीसुद्धा नाही. तारीख वहीत लिहिली. आज ओहोटीला जाऊन रेघेचे फोटो काढले, प्रत्येक फोटोत मागे देवळाची दीपमाळ येईल असे, म्हणजे जागेबद्दल वाद नको. वाळवणाच्या जागेवर बसणाऱ्या बायकांच्या सह्या घेते आहे. काहींना सही येत नाही, त्यांचा अंगठा साक्षीदारासह घेतला तर जिल्हाधिकारी कार्यालयात चालतो ना? आणि 308 च्या अर्जाचा मसुदा कुणाकडे असेल तर नावं खोडून इथे टाकाल का? सोमवारी जिल्ह्याला जाणार आहोत.