'री-साइन' आणि 'ट्रेड' : मराठीत काय लिहावे?

प्रश्न : एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगवरच्या लेखात मी 'संघाने खेळाडूचा करार वाढवावा की त्याला विकावे' असे लिहिले आहे. मूळ शब्द 'री-साइन' आणि 'ट्रेड'. ठीक वाटते का?

उत्तर : दोन्ही क्रियापदे बदला. करार वाढवणे म्हणजे एक्स्टेन्शन. चालू करार संपायच्या आत त्याला पुढची वर्षे जोडणे. री-साइन करताना जुना करार संपून खेळाडू मोकळा झालेला असतो. म्हणून 'पुन्हा करारबद्ध करणे'. 'नूतनीकरण' नको, ते परवान्याचे होते, आणि खेळाडू नकार देऊ शकतो हे त्यात कुठेच येत नाही.

'विकणे' तर चूकच. फुटबॉलमध्ये क्लब ट्रान्सफर फी घेतात, तिथे तो शब्द चालतो. एनबीएत बदल्यात प्रामुख्याने खेळाडू आणि ड्राफ्टचे (नवे खेळाडू निवडण्याचे) हक्क येतात, आणि दिलेल्या खेळाडूचा चालू करार तसाच नव्या संघाकडे जातो. 2019मध्ये ओक्लाहोमा सिटीने पॉल जॉर्जला क्लिपर्सकडे दिले आणि शे गिल्जस-अलेक्झांडरसह पहिल्या फेरीचे अनेक हक्क घेतले. त्यांतल्याच एका हक्कातून पुढे जेलन विल्यम्स आला. 2025मध्ये शे 'सर्वात मौल्यवान खेळाडू' ठरला आणि संघाने विजेतेपद मिळवले. ही विक्री नव्हे. मी 'अदलाबदल' लिहीन.

आणखी एक मत : 'अदलाबदल' मला खटकते. सामानाची अदलाबदल झाली म्हटले की ती चुकून झाली असे वाटते. 'देवघेव'ला पैशांचा वास आहे. त्यापेक्षा 'ट्रेड' सरळ ठेवा, क्रिकेटच्या बातम्यांमुळे तो वाचकांना ठाऊक आहे. बोलताना तर 'ठेवायचा की द्यायचा' एवढेच पुरते.

पुन्हा प्रश्न : मग 'करार संपल्यावर त्याला पुन्हा करारबद्ध करावे की ट्रेड करावे' हे वाक्य चालेल?

उत्तर : 'ट्रेड' राहू द्या, पटले. पण हे वाक्य चालणार नाही, आणि अडचण शब्दाची नाही, काळाची आहे. करार संपला की ट्रेड करायला संघाच्या हाती काही उरत नाही. 2016मध्ये केव्हिन ड्युरँट करार संपवून गोल्डन स्टेटला गेला, ओक्लाहोमा सिटीला बदल्यात काहीच मिळाले नाही. 'साइन-अँड-ट्रेड' (पुन्हा करारबद्ध करून लगेच ट्रेड करणे) हा अपवाद आहे, पण त्याला खेळाडूची संमती लागते.

संघ तरीही थांबतात, कारण त्यांच्याकडे 'बर्ड हक्क' असतात. लॅरी बर्ड या माजी खेळाडूच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नियमामुळे आपल्याच खेळाडूला पुन्हा करारबद्ध करताना संघाच्या एकूण पगाराची मर्यादा ओलांडता येते. बाहेरचा तेवढ्याच पगाराचा खेळाडू आणायला ही सवलत मिळत नाही, त्यामुळे गेलेल्याची जागा भरणे अवघड होते. ट्रेड झाला तर हे हक्क नव्या संघाकडे जातात, म्हणूनच करार संपत आलेल्या खेळाडूलाही गिऱ्हाईक असते. लेखात हे यायलाच हवे, नाहीतर संघ वेळकाढूपणा करतोय असा वाचकाचा समज होईल.

वाक्य असे करा : 'फेब्रुवारीतल्या ट्रेडच्या मुदतीआधी त्याला ट्रेड करावे, की तो मोकळा होईल हा धोका पत्करून उन्हाळ्यात पुन्हा करारबद्ध करावे?'