फ्यूज: रीडमध्ये मधेच शून्यं येतात, आणि डेमन अडकला की एलएससुद्धा मरत नाही

धोटा_६४ (सोलापूर)
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचा उबुंटू सर्व्हर आहे. जॅकार्डच्या साधारण ४,००० डिझाइन फाइली झेडस्टँडर्डने कॉम्प्रेस करून ठेवल्यात. लिबफ्यूज ३ वापरून सी भाषेत फाइलसिस्टिम लिहिली आहे (फ्यूज म्हणजे कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रामने फाइलसिस्टिम चालवायची लिनक्सची सोय, तो प्रोग्राम म्हणजे डेमन): कोणी फाइल मागितली की उलगडून देते. तोच माउंट (ही फाइलसिस्टिम जोडलेला फोल्डर) सांबातून डिझाइनच्या विंडोज मशिनांना दिलाय.

६४ केबीच्या आतल्या फाइली बरोबर येतात. मोठ्यांमध्ये मधेच शून्यं, नाहीतर फाइल ६४ केबीवरच तुटते. सांबातून तर ‘परवानगी नाही’ एवढंच. रूटने (अ‍ॅडमिन खात्याने) डीयू, म्हणजे जागा मोजणारी कमांड, मारलं तरी तेच. शिवाय अधूनमधून सगळं गोठतं, एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) डी स्टेटमध्ये, म्हणजे न मोडणाऱ्या झोपेत जातं आणि किल -९ लाही दाद देत नाही. उलगडलेल्या फाइलींची कॅशे माउंटच्याच एका सबफोल्डरात आहे. कर्नल आणि डेमन यांच्यात नेमकं काय चालतं, ते कोणी सांगेल का?

ताणाबाणा
अण्णा, कर्नलला तुमच्या डिझाइनमधलं काही कळत नाही. त्याच्याकडे फक्त एक रांग आहे. सांबाने रीड केलं की व्हीएफएस (कर्नलमधला सगळ्या फाइलसिस्टिमांचा सामाईक थर) ते फ्यूज मॉड्यूलकडे देतं, मॉड्यूल त्याची विनंती करून रांगेत लावतं आणि विचारणाऱ्याला झोपवतं. तुमचा डेमन /डेव्ह/फ्यूज उघडून त्यावर रीड करत बसलेला असतो. एका रीडला एकच पूर्ण विनंती हातात येते. तिचा हेडर ४० बाइटचा: लांबी, ऑपकोड (कुठलं काम ते सांगणारा आकडा), विनंतीचा क्रमांक, नोड आयडी (फाइल किंवा फोल्डरचा क्रमांक), विचारणाऱ्याचे यूआयडी, जीआयडी, पीआयडी (यूजर, ग्रुप आणि प्रोसेसचे क्रमांक). उत्तर त्याच डिस्क्रिप्टरवर (उघडलेल्या फाइलच्या हँडलवर) राइट करायचं. त्याचा हेडर १६ बाइटचा: लांबी, एरर आणि तोच क्रमांक. मागावरच्या धोट्यासारखं आहे: गेला तसा परत आलाच पाहिजे. फरक एवढाच की इथे एका वेळी अनेक धोटे हवेत असतात आणि कुठल्याही क्रमाने परतले तरी चालतात, क्रमांकावरून जोडी लागते.

माउंट झाल्यावर पहिली विनंती इनिट, ऑपकोड २६. त्यात प्रोटोकॉलची आवृत्ती (मेजर ७), रीड-अहेड, सर्वात मोठा राइट हे ठरतं. मग पाथ तुकड्या-तुकड्याने शोधला जातो: मूळ फोल्डरचा नोड आयडी १, त्यात ‘टॉवेल’चा लुकअप (नावावरून शोध), मिळालेल्या नोडमध्ये फाइलचा लुकअप, नंतर ओपन, रीड (ऑपकोड १५), बंद करताना फ्लश आणि शेवटी रिलीज. क्लोजला एरर द्यायचा असेल तर तो फ्लशमधून द्या. रिलीजचा एरर कोणी बघत नाही.

आता शून्यं. कर्नल एका विनंतीत साधारण ३२ पानं (मेमरीचे ४ केबीचे तुकडे), म्हणजे १२८ केबी मागतं (कर्नल ४.२० पासून ही मर्यादा २५६ पानांपर्यंत, म्हणजे १ एमबीपर्यंत वाढवता येते). तुमचा रीड बहुतेक एकच ६४ केबीचा फ्रेम उलगडून परत येतो. साध्या रीड सिस्टिम कॉलला कमी बाइट देणं चालतं, इथे नाही. डायरेक्ट आयओ (कर्नलची कॅशे टाळून वाचणं) चालू नसेल तर कमी बाइट म्हणजे फाइल संपली, असा कर्नलचा हिशेब. उरलेली पानं ते शून्यांनी भरतं आणि लक्षात ठेवलेला आकारही आखडतं. म्हणून कधी शून्यं, कधी तुटलेली फाइल. मागितलेला आकार भरेपर्यंत किंवा खरा शेवट येईपर्यंत लूप फिरवा.

एररचं मायनस चिन्हही तपासा. ईआयओचा (वाचन-लेखन फसल्याच्या एररचा) आकडा ५. रीड फंक्शनमध्ये मायनस विसरलात तर त्याचा अर्थ ‘५ बाइट वाचले’ असा होतो.

गेटॅटरमध्ये (फाइलची माहिती देणाऱ्या फंक्शनमध्ये) उलगडलेला आकार द्या, कॉम्प्रेस्ड नाही. तिथे ० दिलात तर कर्नल रीड पाठवणारच नाही.

होटगीरोड_रूट
परवानगीचं लै साधं आहे. माउंट करणाऱ्या यूजरशिवाय कोणालाच आत जाता येत नाही, रूटलाही नाही. हा बग नव्हे. डेमन साध्या यूजरचा असतो, तो दुसऱ्याच्या प्रोसेसला हवा तेवढा वेळ लटकवू शकतो, शिवाय ती काय वाचते तेही त्याला दिसतं. म्हणून हे कुंपण. फ्यूजच्या कॉन्फ फाइलमध्ये यूजर-अलाउ-अदर उघडा आणि अलाउ-अदर देऊन माउंट करा. पण मालक, सोबत डिफॉल्ट-परमिशन्स दिलंच पाहिजे. नाहीतर मोड बिट (फाइलवरच्या परवानग्या) कर्नल तपासत नाही, ते काम तुमच्या डेमनच्या गळ्यात पडतं.

गोठण्याचं कारण तुम्हीच लिहिलंय: कॅशे माउंटच्या आत. डेमनने ती फाइल उघडली की विनंती रांगेतून त्याच्याकडेच येते, आणि तो तर उत्तराची वाट बघत झोपलेला. थ्रेड जास्त असतील तर कधीकधी निभतं, सगळे अडकले की संपलं. कॅशे माउंटबाहेर हलवा. ज्या फोल्डरावर माउंट करता त्याच्याच आतलं काही हवं असेल, तर माउंट करण्याआधी तो फोल्डर उघडून डिस्क्रिप्टर धरून ठेवा आणि ओपनॅटने (धरलेल्या फोल्डरावरून फाइल उघडणाऱ्या कॉलने) वापरा.

एलएस मरत नाही, कारण डेमनच्या हातात गेलेली विनंती कर्नल मागे घेत नाही, उत्तर येईपर्यंत थांबतं. एलएसला मारण्यात अर्थ नाही, डेमनला मारा. /डेव्ह/फ्यूजचा शेवटचा डिस्क्रिप्टर बंद झाला की अडकलेल्या सगळ्या विनंत्या एरर घेऊन सुटतात. डेमनने फोर्क केलेला एखादा चाइल्ड (त्याने सुरू केलेली उपप्रोसेस) तोच डिस्क्रिप्टर धरून बसला असेल तर मात्र सुटत नाहीत. तेव्हा /सिस/एफएस/फ्यूज/कनेक्शन्समध्ये जा. तिथे प्रत्येक माउंटचा नंबराच्या नावाचा फोल्डर असतो. तो नंबर स्टॅटने (फाइलची माहिती दाखवणाऱ्या कमांडने) काढायला जाऊ नका, तेही लटकेल. /प्रॉक/सेल्फ/माउंटइन्फोच्या तिसऱ्या कॉलममध्ये ०:५२ असं दिसेल, त्यातला ५२. त्या फोल्डरातली ‘वेटिंग’ वाचा. कोणी काही करत नसताना आकडा शून्यावर येत नसेल तर अडकलंय. ‘अबॉर्ट’मध्ये १ लिहिलं की कनेक्शन तुटतं. मग ‘ट्रान्सपोर्ट एंडपॉइंट इज नॉट कनेक्टेड’ दिसेल, घाबरू नका: फ्यूजरमाउंट३ -यू (माउंट काढणारी कमांड), फार तर -यूझेड, आणि पुन्हा माउंट.

धोटा_६४
लूप टाकला, शून्यं गेली. कॅशेही हलवली. आता फक्त ४,००० फाइलींच्या फोल्डरात एलएस -एल लै हळू चालतं, आणि लगेच परत मारलं तरी तेवढंच हळू. असं का काय की.

ताणाबाणा
रीडडिर (फोल्डरची यादी मागणारी विनंती) फक्त नावं देतं, मग एकेका नावाला वेगळा लुकअप. म्हणजे ४,००० फेऱ्या, प्रत्येक फेरीला डेमन जागा होणार, उत्तर लिहिणार. तुमच्या रीडडिरमध्ये फिलरला (यादीत नावं भरणाऱ्या फंक्शनला) पूर्ण स्टॅट, म्हणजे फाइलची माहिती, आणि प्लस फ्लॅग द्या. मग रीडडिरप्लसच्या एका उत्तरात अनेक नावं माहितीसकट जातात.

दुसऱ्यांदाही हळू, कारण लिबफ्यूजमध्ये एंट्री-टाइमआउट आणि अ‍ॅटर-टाइमआउट (नावं आणि माहिती कर्नल किती वेळ लक्षात ठेवतं ते) मुळात १ सेकंदच असतात. तुमच्या फाइली रोज बदलत नाहीत, ३०० करा. ओपनमध्ये कीप-कॅशे १ ठेवा, नाहीतर प्रत्येक ओपनला कर्नल पेज कॅशे (वाचलेल्या फाइलची मेमरीतली प्रत) टाकून देतं आणि तीच फाइल पुन्हा उलगडावी लागते.

एक पथ्य आहे. मूळ फाइल माउंटबाहेरून बदललीत तर कर्नल ५ मिनिटं जुनाच आकार दाखवेल. बदलल्यावर डेमनने फ्यूज-इनव्हॅलिडेट-पाथ (कर्नलला जुनी माहिती टाकायला सांगणारं फंक्शन) बोलवावं. तो संदेशही त्याच डिस्क्रिप्टरवरून जातो, फक्त क्रमांक ० असतो. त्यावरूनच कर्नलला कळतं की हे कुठल्या विनंतीचं उत्तर नाही. पण एखाद्या फाइलची विनंती हाताळत असताना त्याच थ्रेडमधून तिच्यासाठी हे पाठवू नका, पुन्हा तोच डेडलॉक (एकमेकांची वाट बघत गोठणं) होऊ शकतो. वेगळा थ्रेड ठेवा.