मदत हवी आहे : जीन ऑट्रीचे न कापलेले चित्रपट कुठे मिळतील?
अमेरिकन गायक-नट जीन ऑट्रीचे हॉलिवूडच्या रिपब्लिक स्टुडिओसाठी केलेले, १९३५ पासूनचे चित्रपट बघायला घेतलेत. रेल्वेत तार ऑपरेटर, मग शिकागोच्या रेडिओवर गायक आणि शेवटी चॅम्पियन नावाच्या घोड्यावर बसून गाणारा काउबॉय, काय माणूस आहे!

अडचण अशी, की पुढे टीव्हीसाठी हे चित्रपट कापून ५३ मिनिटांच्या आसपास आणले गेले आणि मला सगळीकडे त्याच प्रती सापडतात. गाणं ऐन रंगात येतं आणि एकदम पुढचा प्रसंग सुरू! फार चुटपुट लागते, कारण मला गाणीच तर ऐकायची आहेत.

पूर्ण लांबीच्या प्रती भारतातून कुठे बघता येतील? अमेरिकेतून डीव्हीडी मागवली तर इथल्या प्लेअरवर चालेल का? १९३८ मध्ये पैशांच्या वादातून ऑट्री स्टुडिओपासून दूर राहिला आणि रॉय रॉजर्स या दुसऱ्या गाणाऱ्या काउबॉयला संधी मिळाली. त्याआधीचे चित्रपट मिळाले तर सोन्याहून पिवळं.